भरतपूरचा घना आणि अप्पांचं पाणी

नाशिक, रविवार रात्र

पंजाब मेलनं पहाटे नाशिकरोडला उतरवलं. दिवस झोपेत गेला. उद्या ऑफिस आहे, आणि एकदा ऑफिस सुरू झालं की काही लिहून होत नाही, म्हणून आत्ताच.

नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात, हे निफाड तालुक्यातलं शेंबडं पोरही सांगेल. चापडगावच्या मनोऱ्यावर थंडीत कुडकुडत थापटे नि तलवार बदकं बघत मी मोठी झाले, पण ज्याच्या नावावर आपण मिरवतो ते राजस्थानातलं मूळ भरतपूर, म्हणजे तिथलं केवलादेव घना पक्षी उद्यान, पाहायचं राहूनच गेलं होतं. अप्पा सोबत आले याचं नवल वाटलं. पाटबंधारे खात्यात उभा जन्म काढलेला माणूस, त्यांना पक्ष्यांचं सोयरसुतक नाही. निघताना म्हणाले, "राजांनी शिकारीसाठी पाणी अडवलं म्हणतेस ना? मग ते आणलं कुठून ते बघू."

आग्र्याहून एसटीसारखीच खडखडणारी बस, वाटेत फत्तेपूर सिक्री, आणि मग भरतपूर. घन्यात गाड्यांना बंदी. सायकलरिक्षा घ्यायची किंवा पायी हिंडायचं. आमचे रिक्षावाले सरदारजी होते. हँडलला दुर्बीण लटकवलेली, पायडल मारता मारता मान न वळवता पक्ष्याचं इंग्रजी नाव सांगायचे. बाभळीवर चित्रबलाकांची पिल्लं आईएवढी झालेली, तरी चोच वासून मागतच होती. अप्पा म्हणाले, "आपल्या गल्लीतही आहेत अशी."

सारसाची जोडी मात्र बघतच राहावी. आपल्याकडे सारस बघायचा तर पार गोंदियाला जावं लागतं. इथे वाटेपासून हाकेच्या अंतरावर पाण्यात उभे. उंची जवळपास माझ्याएवढी, डोकं नि मान लाल, आणि पाऊल उचललं की ते पुन्हा टेकवायची काही घाई नाही. सरदारजींनी रिक्षा थांबवली, बिडी शिलगावणार होते, ती परत खिशात घातली.

केवलादेवाच्या देवळाजवळ ते शिकारीचे दगड आहेत. त्यांच्याबद्दल वाचलं होतं, तरी समोर उभं राहिल्यावर पोटात कालवलं. जमाखर्चाच्या वहीसारखे रकाने. तारीख, कोणासाठी, बंदुका किती, पक्षी किती. सुरुवात 1902 ची, लॉर्ड कर्झनसाठीची. 12 नोव्हेंबर 1938 ला व्हाइसरॉय लिनलिथगो आले, त्या एका दिवसाचे 4273 पक्षी. रकान्यात जात नाही, नाव नाही, नुसता आकडा. आणि हे सगळं संस्थानं गेल्यावर संपलं असं समजत होते, तर नोंदी 1964 पर्यंत आहेत. म्हणजे स्वातंत्र्यानंतरही पाहुण्यांच्या हाती बंदूक दिली जात होती. महाराजांचा शिकारीचा हक्क तर 1972 पर्यंत शाबूत होता. दगड फोडून टाकले नाहीत हे एक बरं केलं. आपल्याकडे असते तर कोणीतरी वर चुना फासून 'पक्षी वाचवा' लिहिलं असतं.

अप्पांनी दगड वाचलेच नाहीत. ते केव्हाच बांधावर जाऊन पाणी सोडायच्या एका लोखंडी दारापाशी वाकून बसले होते. आटे गंजलेत, वंगण नाही, हे मला तिथून ओरडून सांगितलं. तसं बघितलं तर त्यांचंच खरं, कारण हे जंगल बंदुकांवर नाही, पाण्यावर उभं आहे. जागा मुळात खोलगट, पावसाळ्यात थोडंफार पाणी साचणारी. सूरजमल जाटानं अठराव्या शतकात अजान बांध घातला. (तोच सूरजमल, ज्यानं पानिपतावरून परतणाऱ्या आपल्या लोकांना जेवू घातलं आणि आसरा दिला. अप्पांनी इथे हात जोडले.) पुढे संस्थानानं बांध-कालवे काढून अजानचं पाणी आत फिरवलं, कप्पे पाडले, आणि बदकं उतरतील एवढी उथळ तळी केली. सगळं मिळून जेमतेम 29 चौरस किलोमीटर. आमचं नांदूरमध्यमेश्वर तरी वेगळं काय? गोदावरी-कादवेच्या संगमावर इंग्रजांनी सिंचनासाठी बंधारा घातला, गाळ साचला, गाळावर पाणवनस्पती माजल्या, पक्षी आले. 2020 साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून पाटी लागली. फरक एवढाच की आमच्याकडे पक्ष्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

राष्ट्रीय उद्यान झालं 1982 साली. त्याच वर्षी गुरं चारायला बंदी आली, गावकरी उठले, गोळीबार झाला, माणसं मेली. नंतर बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) अभ्यासातून दिसलं की म्हशी गवत खात होत्या, म्हणून पाणी मोकळं राहत होतं. म्हशी गेल्या आणि तळी गवतानं भरली. बदकांची शिकार दगडावर कोरली, या माणसांची नोंद मला तरी कुठल्या दगडावर दिसली नाही.

खरा वाद चहाच्या टपरीवर झाला. सरदारजी सांगत होते की अजानला पाणी गंभीर नदीचं, पण वर करौलीकडे पांचना धरण झालं, तिथले शेतकरी पाणी सोडू देईनात, आणि एक काळ घना कोरडा पडला. आता गोवर्धन ड्रेनचं आणि चंबळहून पाइपलाइननं येणारं पाणी आहे. अप्पांनी तिथल्या तिथे करौलीच्या शेतकऱ्यांची बाजू घेतली. अर्थात घेणारच. दर दुष्काळात गंगापूर-दारणेचं पाणी जायकवाडीला सोडायचा हुकूम आला की आमच्या घरात टीव्हीशी भांडण होतं.

"वरच्याचं पीक जळू द्यायचं आणि खाली बदकं पोहवायची, हा कुठला न्याय?"

"अप्पा, तुम्ही नांदूरमध्यमेश्वरला होतात तेव्हा खालच्या कोपरगाव-राहात्याच्या आवर्तनासाठी भांडत होतात ना?"

"ते वेगळं. तिथे ऊस होता."

"मग पक्ष्यांनी काय करायचं?"

"त्यांना पंख आहेत. जातील दुसरीकडे."

मी सायबेरियन क्रौंचाचं सांगितलं. हजारो किलोमीटर उडून ते दर हिवाळ्याला इथेच यायचे, 2002 नंतर एकही आला नाही. अप्पा लगेच म्हणाले, "बघ, पाणी नाही म्हणून." मग मला सांगावं लागलं की घात मुख्यतः वाटेत झाला, अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या शिकारीनं. पंख होते म्हणून तर एवढ्या बंदुकांवरून जावं लागलं. त्यावर सरदारजी आणि अप्पा दोघांनीही मलाच वेड्यात काढलं, आणि पांचनाच्या दारांची उंची किती यावर पुन्हा जुंपली.

परतीच्या गाडीत भुसावळपर्यंत अप्पा त्यावरच बोलत होते. तिकडच्या खात्याला पत्र लिहिणार आहेत म्हणे, दारांच्या आट्यांना ग्रीस लावा म्हणून. पत्ता मी शोधून द्यायचा आहे.