पाणी सुटण्याआधी: डब्यातल्या कोशिंबिरीचा माझा अनुभव

वार्षिक आरोग्य तपासणीत माझी तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए१सी, ६.१ टक्के निघाली. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा मानला जातो, म्हणून औषध सुरू करण्याऐवजी डॉक्टरांनी दोनच गोष्टी सांगितल्या: रोज पाऊण तास चालणे, आणि दुपारच्या जेवणात पोळीला हात लावण्यापूर्वी मोठी वाटीभर कच्ची भाजी खाणे. भाजी आधी आणि पोळीभात नंतर, या क्रमाने जेवले की जेवणानंतरची साखर तितक्या वेगाने चढत नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. ऐकताना ते फार सोपे वाटले. प्रत्यक्षात मला ते जमायला जवळजवळ चार महिने लागले, आणि अडचण आली ती आवडीनिवडीची किंवा आळसाची नव्हे, तर पाण्याची.

आमचे घर ठाण्यात आहे आणि माझे कार्यालय दक्षिण मुंबईत. पत्नी सकाळच्या शाळेत शिकवत असल्याने साडेसहालाच बाहेर पडते. पोळीभाजी करायला मावशी येतात, पण त्यांना आणखी तीन घरे उरकायची असतात, त्यामुळे कोशिंबिरीचे काम माझ्याकडे येणार हे उघड होते. मला पावणेआठला निघावे लागते आणि डबा उघडतो तो एक वाजता. मधल्या पाच-सव्वापाच तासांत डब्यात जे घडते, तोच या लेखाचा विषय आहे.

सुरुवात मी पाहिलेल्या चित्रांवरून केली. आइसबर्ग लेट्यूसचा गड्डा, ऑलिव्ह तेलाची बाटली आणि तयार ड्रेसिंग आणले. लेट्यूस तिसऱ्या दिवशी फ्रिजमध्ये तपकिरी पडला आणि ड्रेसिंगच्या बाटलीवरचा घटकांचा तपशील वाचल्यावर त्यात तेलाखालोखाल साखर आढळली, म्हणजे ज्या कारणासाठी हा खटाटोप चालला होता तेच कारण बाटलीत भरलेले होते. तो खर्च एका आठवड्यात आटोपला आणि मी काकडीकडे वळलो.

पहिल्या दिवशी मी दोन काकड्या किसल्या, त्यात दाण्याचे कूट, मीठ, साखर, लिंबू आणि वरून गरम फोडणी घातली, आणि चव पाहून स्वतःवर खूश होऊन डबा भरला. दुपारी डबा उघडला तेव्हा खाली पांढरट पाणी, वर लगदा, आणि झाकणाच्या फटीतून झिरपलेल्या पाण्याने भिजलेल्या दोन पोळ्या असे दृश्य होते. चारपाच दिवस मी डबे बदलून पाहिले. घट्ट झाकणाच्या डब्याने पोळ्या वाचल्या, कोशिंबीर वाचली नाही. शेवटी रविवारी साताऱ्याला आईला फोन केला. ती म्हणाली, "अरे, मीठ घालून कोशिंबीर कधी ठेवतात का? पानं मांडली की मग मीठ."

आईच्या त्या एका वाक्यामागचे कारण शाळेच्या विज्ञानात शिकलो होतो, पण ते कधी स्वयंपाकघरात आणले नव्हते. काकडीत ९५ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते. बाहेर मिठाचे प्रमाण वाढले की पेशींतले पाणी त्या बाजूला ओढले जाते. यालाच परासरण म्हणतात. किसणीने पेशी आधीच मोठ्या प्रमाणावर फाटलेल्या असतात, त्यामुळे मीठ नसले तरी किसलेल्या काकडीला पाणी सुटतेच, आणि मीठ पडले की ते धो-धो सुटते. मी हिशेब विभागातला माणूस असल्याने मोजून पाहिल्याशिवाय समाधान होत नाही. दोनशे ग्रॅम काकडी किसून, अर्धा चमचा मीठ लावून, वीस मिनिटांनी पिळली, तर पाव वाटीहून थोडे जास्त पाणी निघाले. मी ते ओतून देत असताना मावशींनी हात धरला: "दादा, टाकू नका, कणकेत घालते." त्या दिवशी कणकेत वेगळे मीठ घालावे लागले नाही.

पिळून घेणे हाही एक मार्ग होता आणि काही दिवस मी तो वापरला. परंतु पाण्याबरोबर चव जाते, पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वेही काही प्रमाणात जातात, आणि उरलेला चोथा खारट लागतो म्हणून मग दही वाढवावे लागते. घरी ताबडतोब खायची असेल तेव्हा पिळलेली काकडी आणि घट्ट दही उत्तम. डब्यात दही दुपारपर्यंत आंबते, निदान एप्रिल-मे महिन्यात तरी नक्कीच. म्हणून पिळण्याऐवजी मुळातच पाणी कमी सुटेल असे कापावे, या निष्कर्षावर मी आलो.

इथे चोचवण्याची गोष्ट येते. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरायची, टोकावर सुरीने जवळजवळ उभे-आडवे छेद द्यायचे, आणि मग तो थर आडवा कापला की बारीक, एकसारखे दाणे खाली पडतात. आई हे काम विळीवर बोलता बोलता करते. मला दिवाळीत तिच्याशेजारी पाटावर बसून शिकावे लागले आणि पहिल्या आठवड्यात डाव्या अंगठ्याला दोनदा पट्टी लावावी लागली. चोचवलेल्या काकडीच्या पेशी पात्याच्या रेषेतच कापल्या जातात, किसल्यासारख्या चिरडल्या जात नाहीत, त्यामुळे बिनमिठाची चोचवलेली काकडी एक वाजेपर्यंत करकरीत राहते. हात बसला नसेल तर आधी लांब पट्ट्या काढून त्यांचे बारीक चौकोनी तुकडे करावेत. ते दिसायला तितके देखणे नसते, पण काम तेच होते. कापण्यापूर्वी देठाकडचा तुकडा चाखायला मात्र विसरू नये. कडवटपणा देठाकडे आणि सालीजवळ अधिक असतो, आणि काकडी खरोखर कडू निघाली तर टोके घासत बसण्यापेक्षा ती टाकून द्यावी. मी एकदा कंजूषपणा केला आणि ते सारे जेवण कडू झाले.

उरलेल्या ओलाव्यावरचा उपाय मला अपघाताने सापडला. एका सकाळी मुगाची डाळ रात्री भिजवायची राहिली होती, म्हणून ती उठल्याबरोबर भिजत घातली, अर्ध्या तासाने निथळली आणि तशीच डब्याच्या तळाशी पसरून वर काकडी घातली. अर्धवट भिजलेल्या डाळीने काकडीचे पाणी स्वतःकडे ओढून घेतले, दुपारी डाळ दाताखाली नेमकी हवी तशी लागली आणि डब्याचा तळ कोरडा होता. रात्रभर भिजलेली डाळ आधीच तुडुंब असल्याने हे करत नाही. तेव्हापासून दोन चमचे डाळ मी मुद्दाम कमीच भिजवतो. मोड आलेले मूगही डब्यात नेतो, पण कच्चे नाही. मोड येण्यासाठी लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तितकीच मानवते, म्हणून ते चाळणीत चार मिनिटे वाफवून, ताटात पसरून, पूर्ण गार करूनच भरतो. गरम भरले की झाकणाला वाफ धरते आणि पुन्हा पाण्याचा प्रश्न उभा राहतो.

त्याच कारणाने फोडणीही बदलली. ऐन वेळी केलेली चुरचुरीत फोडणी घरच्या पानात शोभते. डब्यात ती कच्च्या भाजीला मऊ करून टाकते. आता मी रविवारी छोट्या कढल्यात चार चमचे तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि हळद यांची फोडणी करतो, गार झाल्यावर ती स्टीलच्या डबीत भरतो, आणि रोज चमचाभर घेतो. मिरची आणि कढीपत्ता त्यात घालत नाही, कारण त्यांचा ओलावा साठवणीत नको. तेल अजिबात नको असे सांगणारे अनेक भेटतात, परंतु गाजरातले बीटा-कॅरोटीन अंगी लागायला थोडा स्निग्ध पदार्थ लागतो, तेव्हा तो चमचाभर मी अपराधी न वाटता घेतो.

डब्याबरोबर आता एक लहान डबी जाते. तिच्यात एका कप्प्यात दाण्याचे कूट, दुसऱ्यात मीठ, आणि शेजारी अर्धे लिंबू. एक वाजता हे सगळे कालवायचे. यात आणखी एक फायदा निघाला: वरून आणि शेवटी घातलेले मीठ जिभेला लगेच लागते, त्यामुळे पूर्वीच्या अर्ध्या चमच्याऐवजी चिमूटभर पुरते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते, आणि लोणचे-पापडाच्या घरात ही मर्यादा कशी ओलांडली जाते हे सांगायला नको. साखर पहिल्या महिन्यातच सुटली. लिंबाचा आंबटपणा सौम्य करायला मी किसलेले गाजर वापरतो, त्याचा गोडवा पुरेसा असतो.

वेळेचे गणित बसले ते तयारी रात्रीवर ढकलल्यामुळे. पण रात्री कापून ठेवणे आणि रात्री धुऊन ठेवणे यांत फरक आहे. मी रात्री भाज्या अख्ख्या धुतो, जुन्या पंचावर पसरून कोरड्या करतो आणि सकाळी कापतो. कापल्यावर धुणे टाळतो, कारण क जीवनसत्त्व पाण्यात वाहून जाते आणि भाजीही ओली राहते. कोबी मात्र अपवाद आहे: त्याचे बाहेरचे दोनतीन पदर काढून, चार फाका करून, त्या मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवून ठेवाव्या लागतात, कारण पानांच्या पदरांत अळ्या दडलेल्या असू शकतात. फाका उलट्या ठेवून रात्रभर निथळल्या की सकाळी पचडी पाच मिनिटांत होते. सुरुवातीला मला या साऱ्याला पस्तीस मिनिटे लागत. आता डाळ निथळण्यापासून डबा बंद करण्यापर्यंत बारा मिनिटे लागतात, आणि त्यातली निम्मी काकडीला.

रोज काकडीच खाणे शक्य नव्हते. कोबी आणि गाजर डब्याचे सर्वांत आज्ञाधारक प्रवासी आहेत, त्यांच्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. मुळा चवीला उत्तम, पण डबा उघडताच शेजारची दोन टेबले मान वर करतात. म्हणून मुळा फक्त सुट्टीच्या दिवशी, भिजवून भरडलेल्या हरभऱ्याच्या डाळीबरोबर. बीट किसून घातले त्या दिवशी सारा डबा गुलाबी झाला, ते चालण्यासारखे होते. दुसऱ्या सकाळी लघवीला आलेला लालसर रंग पाहून मात्र माझी पाचावर धारण बसली आणि डॉक्टरांना फोन केला, तेव्हा त्यांनी आधी "काल बीट खाल्लं होतं का?" असे विचारले. काही लोकांत बिटाचा रंग असा उतरतो आणि तो निरुपद्रवी असतो.

सर्वांत मोठी भर घातली ती कार्यालयातल्या परभणीच्या एका सहकाऱ्याने. माझा रोजचा प्रपंच पाहून एके दिवशी तो घरून कोवळ्या मेथीची धुतलेली, कोरडी केलेली पाने, दोन कांदे आणि एका पुडीत कूट, तिखट, मीठ घेऊन आला. जेवणाच्या टेबलावरच पाने हाताने तोडली, कांदा चिरला, पुडी मोकळी केली, वर कच्चे तेल ओतले आणि हाताने हलके कालवले. हा घोळाणा. पश्चिम महाराष्ट्रात वाढलेल्या मला तो ठाऊकच नव्हता. कालवणे शेवटच्या क्षणी, मीठ शेवटच्या क्षणी, काहीही शिजवायचे नाही. मी चार महिने धडपडून जे शोधले ते तिकडे भाकरीबरोबर रोज चालत आले होते. लहान पानांची मेथी त्यासाठी हवी, मोठी पाने कडू आणि चिवट लागतात. पावसाळ्यात मात्र मी कच्च्या पालेभाज्या बंद ठेवतो, कारण त्या दिवसांत चिखल आणि किडे कितीही धुतले तरी पूर्ण जातील याची खात्री वाटत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ सालच्या मार्गदर्शिकेत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या सांगितल्या आहेत. माझ्या डब्यात दोनशे ग्रॅम मावतात आणि उरलेल्या रात्रीच्या भाजीत भरून निघतात, असे मी वजनकाट्यावर पाहून ठेवले आहे. सहा महिन्यांनी केलेल्या तपासणीत आकडा ५.८ आला. त्याचे श्रेय एकट्या कोशिंबिरीला देता येणार नाही, कारण त्याच काळात मी चालत होतो आणि चार वाजताचा साखरेचा चहाही सोडला होता. डॉक्टरांनी चालू ठेवा म्हटले, इतकेच.

एक कोडे अजून सुटलेले नाही, ते टोमॅटोचे. बिया आणि गर काढून पाहिला, कडक कच्चट टोमॅटो घेतले, डाळ दुप्पट केली, तरी एक वाजेपर्यंत डब्यात लाल पाणी साचतेच, आणि गर काढलेल्या टोमॅटोला चव ती काय राहणार? म्हणून टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आम्ही रविवारी घरी करतो, पाने मांडल्यावर मीठ घालतो, आणि तळाशी सुटलेले पाणी भातावर घेतो.