‘ज्यूक’ शिकागोहून पुण्याला आणताना

भाच्याने पोस्टाने आलेलं पाकीट हातात दिलं आणि आतून खडखड ऐकू आली. शिकागोजवळ नेपरव्हिलला त्याच्या घरी पोचून मला जेमतेम दोन तास झाले होते. निघण्याआधी मी एका विक्रेत्याकडून लाखेच्या तीन जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डी, म्हणजे तबकड्या, मागवून ठेवल्या होत्या. त्याने त्या पातळ पुठ्ठ्यात नुसत्या एकावर एक घातलेल्या. दोन शाबूत, तिसरीचे सरळ दोन तुकडे. “मामा, पैसे परत मिळतील ना,” भाचा म्हणाला. मिळालेही. पण सत्तर वर्षं टिकलेली रेकॉर्ड शेवटच्या दोन दिवसांत मोडली, हे मनातून जाईना. तेव्हाच ठरवलं: पोस्ट बंद. जे घ्यायचं ते डोळ्यांनी बघून घ्यायचं आणि स्वतःच्या हातातून पुण्याला न्यायचं.

मला मुख्यतः हवी होती ब्लूजमधला माउथ ऑर्गन वादक लिटल वॉल्टर याची ‘ज्यूक’, १९५२ सालची, ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे फिरणारी. शिकागोच्या चेस या रेकॉर्ड कंपनीच्याच ‘चेकर’ लेबलवर ती निघाली. शब्द नाहीत, नुसता माउथ ऑर्गन. पण मायक्रोफोन बाजाबरोबर ओंजळीत धरून, अँप्लिफायरमधून वाजवलेला, त्यामुळे सॅक्सोफोनसारखा भरदार. अमेरिकेत रिदम अँड ब्लूज या संगीतप्रकारातल्या लोकप्रिय रेकॉर्डींच्या यादीत ती आठ आठवडे पहिली होती. एवढी खपली म्हणून आजही सापडते, आणि एवढी वाजली म्हणूनच चांगली प्रत मिळत नाही. ज्यूकबॉक्सच्या, म्हणजे नाणं टाकून रेकॉर्ड वाजवायच्या यंत्राच्या, जड सुईखाली खाचा झिजतात, काळ्याच्या राखाडी होतात.

शहरातल्या एका तळघरातल्या दुकानात तिच्या तीन प्रती निघाल्या. दोन राखाडी होत्या. तिसरी दिव्याखाली तिरपी धरली तर चमक शिल्लक दिसली. मग कडेला धरून बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली. आपण माठ घेताना वाजवून बघतो ना, तेच. चीर असेल तर आवाज बद्द येतो. हिचा स्वच्छ आला. दुकानदार म्हातारे गृहस्थ होते. काही न बोलता त्यांनी रेकॉर्ड घेतली, ७८ची जाड सुई लावली आणि पूर्ण वाजवून दाखवली. किंमत चाळीस डॉलर. मी घासाघीस केली नाही.

चेसची जुनी इमारत, २१२० साउथ मिशिगन अव्हेन्यू, दुसऱ्या दिवशी पाहिली. अरुंद, दुमजली. कंपनी इथे १९५७मध्ये आली, म्हणजे माझ्या पिशवीतली तबकडी या पत्त्यापेक्षा जुनी! तरी मी ती पिशवीत घेऊनच आत गेलो होतो.

पुढचा प्रवास रेल्वेने. ‘सिटी ऑफ न्यू ऑर्लिन्स’ रात्री शिकागोहून सुटते, पहाटे मेम्फिसला पोचते. भाचेसुनेने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. गाडीच्या कॅफेतल्या गार सँडविचपेक्षा ती शिदोरी शंभर पटीने बरी. रेकॉर्डींची पिशवी खिडकीच्या बाजूला, दोन उशांच्या मध्ये, उभी ठेवली. तबकड्या आडव्या रचायच्या नाहीत. खालच्यांवर वरचं ओझं येतं.

मेम्फिसला मी हादरलो तो सन स्टुडिओत. ७०६ युनियन अव्हेन्यू. गायक एल्व्हिस प्रेस्लीने बाजारात आलेली आपली पहिली रेकॉर्ड १९५४च्या जुलैत इथेच केली. पण खोली आपल्या चाळीतल्या दोन खोल्यांएवढीच, छताला अजून त्या काळच्याच फरशा. आवाज खोलीतच मुरतो, टाळी वाजवली की कळतं. सनची कोंबड्याचं चित्र असलेली पिवळ्या लेबलची रेकॉर्ड मी काचेआडच पाहिली.

जेवणाचं सांगायचं तर मेम्फिस म्हणजे डुकराच्या बरगड्या, आणि मी पोर्क खात नाही. कोपऱ्यावरच्या साध्या खानावळीत वाढणाऱ्या बाईंना तसं सांगितलं, तर त्यांनी कॅटफिश आणला. मक्याच्या पिठात घोळवून तळलेला, थेट आपल्या रवा लावलेल्या माशाच्या जातीचा. सोबत ग्रिट्स. पहिला चमचा तोंडात घातला आणि आजीच्या कण्या आठवल्या! फक्त ज्वारीऐवजी मका, आणि ताकाऐवजी लोणी. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी न विचारता दुसरी वाटी आणून ठेवली. पुढचा मुक्काम न्यू ऑर्लिन्स. तिथे सोमवारी घरोघरी लाल घेवडा आणि भात करतात. पूर्वी सोमवार धुण्याचा दिवस असे, घेवडा चुलीवर आपला शिजत राहायचा. मला राजमा-भाताची आशा होती, पण त्यात हॅम असतं. कोळंबीवर भागवलं, आणि तीही उत्तमच होती.

न्यू ऑर्लिन्सच्या उन्हात मात्र विनाइल या प्लास्टिकच्या एलपींची काळजी. बंद गाडीत तासभर ठेवल्या तर वाकतात. म्हणून पिशवी कायम खांद्यावर.

शेवटच्या रात्री बांधाबांध. एलपी कव्हरातून काढून, आतल्या कागदासह कव्हराच्या मागे ठेवली, नाहीतर धक्क्याने तिची कड कव्हराची शिवण फाडते. प्रत्येक लाखेच्या तबकडीला दोन्ही बाजूंनी नालीदार पुठ्ठा, वर नाडी. चिकटपट्टी नाही, कारण विमानतळावर उघडून दाखवावं लागणारच. लेबलवर डाग दिसला तरी सॅनिटायझर लावू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते.

तपासणीतल्या अधिकाऱ्याने खरंच गठ्ठा उघडायला लावला. मी त्याला सांगितलं, कडेला धरा, खाचांना बोट नको. त्याने दोन तळहातांत धरली, अगदी ताट धरावं तशी, लेबल वाचलं आणि तशीच परत दिली.

या तबकड्या म्हणजे लाख, दगडाची भुकटी आणि काजळी. आणि ही लाख जायची आपल्याच देशातून. युद्धात पुरवठा आटला तेव्हा, १९४२मध्ये, अमेरिकेने रेकॉर्डींसाठीच्या लाखेवर कपात लावली. लोकांकडून जुन्या रेकॉर्डी गोळा करून वितळवल्या. ब्लूजच्या कितीतरी जुन्या प्रती त्यात गेल्या असतील, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुण्यात पोचल्यावर आंघोळीच्या आधी गठ्ठा सोडला. अकरा लाखेच्या, नऊ विनाइलच्या, सगळ्या शाबूत. ‘ज्यूक’ लावली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, दारात उभी राहून पूर्ण ऐकली आणि म्हणाली, “परत लाव.”