भिंतीवरचे तीन चौकोन

रात्रीचे पावणेतीन झालेत. आईंच्या खोलीत चटई टाकून बसले आहे. गादी अजून हॉलमध्येच आहे आणि फरशीवर वर्तमानपत्रं अंथरलेली आहेत. प्रायमरचा वास पंखा लावूनही जात नाही. समोरच्या भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे तीन चौकोन आहेत. एक निळसर राखाडी, एक वाळलेल्या तुळशीच्या पानांसारखा फिका हिरवा आणि एक ताकासारखा पांढरा.

काल संध्याकाळी रंगारी कुंचला धुताधुता म्हणाला, “ताई, तुम्हाला कुठला आवडतो तो सांगा, म्हणजे सकाळी दुकानातून डबा घेऊनच येतो.” माझ्या तोंडून निघून गेलं, “ह्यांना विचारून सांगते.”

तो “बरं” म्हणाला आणि चहा पिऊन गेला. एवढंच झालं. त्याला काहीच वाटलं नसेल. पण ह्या खोलीत हे झोपणार नाहीत, मी झोपणार आहे. दोन वर्षं मला झोप नाही, म्हणून तर ही खोली माझ्यासाठी करायची असं ठरलं. शांत वाटेल असा रंग लावायचा, हेही ठरलं. आणि मलाच विचारलं तेव्हा मला उत्तर आलं नाही. शेड कार्ड आठवडाभर उशाशी होतं, तरी आलं नाही.

चौकोन मारण्याआधी त्याने भिंत खरवडली तेव्हा मी दारात उभी होते. बाहेरच्या बाजूची भिंत, पावसाळ्यात दरवर्षी ओल धरते, पोपडे धरून होतेच. पट्टीने ओढले की खालचा रंग दिसायचा. वर पिस्ता, तो ह्यांनी आणला होता. त्याखाली गुलाबी डिस्टेंपर, तो आईंचा. त्याच्याही खाली बिल्डरने मारून दिलेला चुना. सत्तावीस वर्षं या घरात आहे. ह्या भिंतीत माझा एकही थर नाही. हे लिहितानासुद्धा घशात काहीतरी येतं.

दुसऱ्या खोल्याही आठवून पाहिल्या. मुलांच्या खोलीत मुलांनी भांडून घेतलेला जांभळा. हॉलमध्ये भावजींच्या घरात होता तो. स्वयंपाकघरात मी निवडला, पण तो फोडणीचे डाग दिसू नयेत म्हणून. ती काही आवड नाही.

उशाकडच्या भिंतीवर आईंच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तो त्याने साबणाच्या पाण्याने दोनदा धुतला. म्हणाला, तेल राहिलं तर वरून कितीही हात मारा, ते रंगातून वर येतंच. त्यावर वेगळा प्रायमर लावला. आता तिथे नुसतं पांढरं आहे. त्याबद्दल आज नको.

लेकीने फोनवर सांगितलं, “आई, सरळ निळा घे, निळ्याने झोप लागते.” असं सगळीकडेच लिहिलेलं असतं. मी शिक्षिका आहे, मला असं सरसकट पटत नाही, म्हणून शोधायला बसले. १९७९ मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी ठरावीक गुलाबी रंगाने रंगवली होती, कैदी शांत होतात म्हणून. त्या रंगाला तिथल्या दोन अधिकाऱ्यांची नावं मिळाली, बेकर-मिलर गुलाबी. किती तुरुंगांनी तो नंतर उचलला. मग स्वित्झर्लंडमधल्या एका तुरुंगात नीट तपासून पाहिलं, काही कैदी गुलाबी कोठडीत आणि काही पांढऱ्या. २०१५ मध्ये निष्कर्ष छापून आला की दोघांच्या वागण्यात फरक नाही. हे वाचून मला वेगळंच वाटत राहिलं. दुसऱ्याला शांत करायचं म्हणून दुसऱ्यानेच रंग ठरवायचा. त्या कोठडीत राहणाऱ्याला कुठला रंग बरा वाटतो, हे कुणी विचारलं असेल का? मला तर काल विचारलं होतं.

तीन दिवस मी हे चौकोन बघते आहे. सकाळी आठला समोरच्या बिल्डिंगच्या विटकरी भिंतीवर ऊन पडतं आणि तो तांबूस उजेड थेट इथे येतो. त्यात हिरवा मळकट होतो. दुपारी तोच हिरवा इतका गोड दिसतो की वाटतं, हाच. संध्याकाळी निळसर राखाडी पार जांभळ्याकडे जातो. ट्यूबलाइट लावली की ताकाचा रंग दवाखान्यासारखा दिसतो, म्हणून काल पिवळसर उजेडाचा बल्ब आणला. त्याच्याखाली तो एकदम सायीसारखा झाला आणि निळा मात्र मरगळला. शिवाय कार्डावरच्या बोटभर तुकड्यात जो रंग फिका वाटतो, तो चारही भिंतींवर गेला की दाट होतो. रंगाऱ्याने आधीच बजावलं होतं, “वाळल्यावर अजून एक पायरी गडद धरा.”

आमच्या गावच्या घरी उलटं होतं. गणपतीच्या आधी बाबा पिंपात चुना भिजत घालायचे, त्यात थोडी नीळ, थोडा डिंक. ओला हात मारला की भिंत मळकीच दिसायची आणि आई म्हणायची, थांब, वाळू दे. वाळत जाईल तशी ती पांढरी होत जायची. दुपारपर्यंत खोलीत उजेड वाढल्यासारखा वाटायचा. पाठ टेकली की परकर पांढरा व्हायचा, त्यावरून मार खाल्ला आहे. तिथे रंग कुठला हा प्रश्नच नव्हता. सगळ्यांच्या घरी तोच. आणि मी तिथे गाढ झोपायचे. पण ते रंगामुळे नव्हे, मी नऊ वर्षांची होते.

पुन्हा तिथेच येते. मला कुठला आवडतो?

मघाशी बल्ब बंद केला, पडदा ओढला आणि अंधारात बसून राहिले. डोळे सरावायला दहा-पंधरा मिनिटं गेली. मग चौकोन दिसू लागले आणि तिन्हींना रंगच नव्हता. नुसते राखाडी, कमीजास्त. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर डोळा काढून शिकवलेलं आहे. रंग ओळखतात त्या शंकूच्या आकाराच्या पेशी, त्यांना उजेड लागतो. अंधारात चालतात त्या दंडाकार पेशी, त्यांना रंग कळत नाही. निळसर चौकोन दिवसाच्या मानाने उजळ वाटत होता, तेही पुस्तकातलंच. कमी उजेडात डोळा निळ्याहिरव्याकडे झुकतो आणि तांबडं काळपट होतं. पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने दोनशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं आहे. मुलांना सांगताना मला ते फार आवडायचं.

म्हणजे झोपायच्या वेळी ह्या भिंतीला रंग असणारच नाही. निळा घेतला काय, हिरवा घेतला काय, पावणेतीनला जाग आली की समोर हीच राखाडी भिंत. आठवडाभर मी झोप आणणारा रंग शोधत होते. हे कळल्यावर आधी खूप एकटं वाटलं. मग थोड्या वेळाने बरं वाटलं, खरंच बरं वाटलं. भिंतीवर टाकलेलं एक ओझं उतरलं. झोपेचं डॉक्टरांशी बोलेन. ते काम भिंतीचं नव्हे.

आणि ह्यांचं तरी काय चुकलं? त्यांनी पिस्ता आणला तेव्हा मला विचारलं होतं, आठवतंय मला. मी म्हणाले होते, “तुम्हाला योग्य वाटेल तो.” आईंनीही विचारलं असणार. मला कुणी अडवलं नव्हतं. आवडीसाठी थांबावं लागतं, दोनदा बघावं लागतं, एखादा नको म्हणावा लागतो. मी ते केलं नाही, कारण तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची. तक्रार म्हणून लिहीत नाही, जे होतं ते लिहिते आहे.

साडेपाच. मधे लिहायचं थांबले होते. पडदा उघडला. बाहेर अजून ऊन नाही, नुसतं उजाडतंय. चौकोनांत रंग परत येतोय, हळूहळू, आधी निळ्यात, मग हिरव्यात. हिरवा ह्या वेळी मी पाहिलाच नव्हता. मळकट नाही, दुपारसारखा गोडही नाही. गावच्या विहिरीच्या कठड्यावर पावसानंतर चढायचा तसा. मी बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते आणि दुसऱ्या दोघांकडे बघायचं राहून गेलं.

आठ वाजता तांबूस उजेडात तो पुन्हा मळकट दिसेल, माहीत आहे. दिसू दे. आठला मी एरवी शाळेच्या वाटेवर असते.

सव्वासात. रंगाऱ्याचा फोन आला. नंबर सांगितला, पाच लिटर. तो म्हणाला, “ताई, नक्की ना? मशीनवर रंग बनवला की दुकानदार परत घेत नाही.” मी म्हणाले, “नक्की.”

हे चहा घेताघेता म्हणाले, “कुठला घेतलास?”

“संध्याकाळी एक हात मारून झाला की बघा,” म्हटलं आणि डबा भरायला घेतला.