तुम्ही विचारलंत म्हणून : राऊलला सोडून मार्सेल का?

संगीतकार मायरबेअरच्या ‘ले युग्नो’ (म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट) या ऑपेराबद्दल बोलायला लागले की हमखास कुणीतरी विचारतं, नायक राऊल आहे, टेनर, म्हणजे पुरुषाचा उंच पट्टीचा आवाज, त्याला दिलाय, मग तुम्ही त्याच्या म्हाताऱ्या नोकराचंच काय घेऊन बसता?

कारण त्यातलं धर्माचं भांडण खरं ऐकू येतं ते या नोकराच्या, मार्सेलच्या गळ्यातून. कथा १५७२ सालच्या पॅरिसमधल्या प्रोटेस्टंटांच्या कत्तलीची. पहिला प्रयोग पॅरिसलाच झाला, १८३६ मध्ये. राऊल प्रोटेस्टंट, तरी पहिल्या अंकात कॅथलिक सरदारांच्या मेजवानीत बसून अनोळखी सुंदरीचं गाणं गातो, सोबतीला व्हिओला द'अमोरे हे जुनं तंतुवाद्य. मार्सेल आत येतो, मालकाला त्या पंगतीत बघतो आणि सगळ्यांसमोर प्रोटेस्टंट पंथाचा प्रवर्तक लूथर याचं स्तोत्र सुरू करतो. खर्जातला बास आवाज. तो बोलल्यासारखं गातो तेव्हा साथ फक्त चेलो आणि डबल बास या खालच्या सुरांच्या तंतुवाद्यांची. बाकी वाद्यवृंद गप्प. मग सरदार आग्रह करतात, तर मठ जाळण्याचं, साधूंना मारण्याचं गाणं म्हणून दाखवतो! तो भला माणूस आहे असं मी कधीच म्हणत नाही.

राणी मार्गरितच्या सोप्रानोत, म्हणजे बाईच्या उंच पट्टीच्या आवाजात, नाजूक, चपळ ताना आहेत. राऊलची प्रेयसी व्हॅलेंटिनही सोप्रानोच, पण मधल्या पट्टीत गडद आणि भारदस्त. कॉर्नेली फाल्कों या गायिकेने ती भूमिका पहिल्यांदा गायली आणि तशा आवाजाला आजही ‘फाल्कों’ म्हणतात. व्हॅलेंटिनचा बाप सॅं-ब्री कत्तलीचा कट रचतो, त्याचाही आवाज खालचाच. दोन्हीकडचा कडवेपणा असा एकाच खालच्या पट्टीतून येतो. मारेकरी व्हायला नकार देऊन तलवार मोडतो तो नव्हेर, कॅथलिक सरदारच.

पाचव्या अंकात बाहेर कत्तल चालू असताना मार्सेल जखमी अवस्थेत राऊल-व्हॅलेंटिनचं लग्न लावतो. पुरोहित नाही, ऑर्गन नाही. तो एकेक प्रश्न विचारतो, ती दोघं उत्तरं देतात आणि साथीला एकटा बास क्लॅरिनेट, खालच्या सुरांचं फुंकवाद्य. मेजवानीत माणसं मारायची गाणी म्हणणारा हाच गळा. मायरबेअरने हे एखाद्या सरदाराला दिलं नाही, नोकराला दिलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चौथ्या अंकातलं राऊल-व्हॅलेंटिनचं युगुलगीत जास्त गाजलेलं आहे, ते ऐकाच. पण पहिल्यांदाच ऐकणार असाल तर पाचव्या अंकातल्या या तिघांच्या गाण्यापासून सुरुवात करा.