तुम्ही विचारलेत म्हणून: आईची खोली अंगणात की चाकांवर?

पुण्यातल्या सहकारनगरमधल्या आमच्या बंगल्यामागे आईसाठी बांधलेली खोली पाहून गेलेली माणसे चार दिवसांनी हमखास फोन करतात, आणि प्रश्न बहुधा एकच असतो: आई-वडिलांसाठी आवारातच अशी स्वतंत्र खोली बांधावी, की हल्ली तयार मिळणारे टायनी हाऊस, म्हणजे चाकांवरचे छोटेसे घर, घेऊन ते मुळशी-पानशेतकडच्या जागेवर ठेवावे? ज्या माणसाला आज ना उद्या रोज कोणाची तरी मदत लागणार आहे, त्याच्यासाठी अंगणातलीच खोली बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दोन कल्पनांचा उगमच वेगळा आहे. माझी धाकटी बहीण सिडनीला असते. तिथे मुख्य घराच्या आवारातल्या दुसऱ्या छोट्या घराला ग्रॅनी फ्लॅट म्हणतात आणि त्याचे क्षेत्रफळ साधारणपणे ६० चौरस मीटरच्या आत ठेवावे लागते. टायनी हाऊसची अमेरिकेतल्या बांधकाम संहितेतली व्याख्या ४०० चौरस फुटांपर्यंतचे घर अशी आहे, आणि त्या ४०० फुटांत माळा धरलेला नाही. जागा वाचवायची म्हणून झोपायची सोय पुष्कळदा त्या माळ्यावरच असते. आम्ही आईला असे एक नमुना घर दाखवायला नेले होते. एप्रिलची दुपार होती, आणि पत्र्याच्या भिंतीला आतून हात लावला तरी ती कोमट लागत होती. आईने शिडीच्या पहिल्या पायरीवर हात ठेवला, वर पाहिले आणि विचारले, "इथे रात्री मला उठावे लागले तर?" आमचा निर्णय तिथेच झाला.

चाकांवरचे घर म्हणजे परवानगीची कटकट नाही, असे सांगणारे विक्रेते भेटतात. त्यावर विसंबून पैसे देऊ नयेत. घर एका जागी टेकवून त्याला पाणी, वीज आणि सांडपाणी जोडायचे असेल, तर आधी नियोजन प्राधिकरणाकडे, म्हणजे त्या भागात बांधकामाला परवानगी देणाऱ्या कार्यालयाकडे, चौकशी करावी. शिवाय शेतजमीन विकत घ्यायची तर महाराष्ट्रात मुळात शेतकरी असावे लागते. अंगणातल्या खोलीलाही नियम आहेतच: चटईक्षेत्र (भूखंडावर एकूण जितके बांधता येते ते) शिल्लक आहे का आणि सामासिक अंतरे (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) सुटतात का, हे वास्तुविशारदाकडून पाहून, नकाशा मंजूर करून घेतल्याशिवाय पाया खणू नये.

आमची खोली जेमतेम १८० चौरस फुटांची आहे, आणि तिच्यातला सर्वांत अधिक विचार न्हाणीघरावर खर्च झाला. त्याचे दार ९०० मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे पुढेमागे चाकाची खुर्ची आत जाईल. ते बाहेर उघडते, कारण आत पडलेल्या माणसाच्या अंगाने दार अडले तर बाहेरून ते ढकलता येत नाही. उंबरा कुठेच ठेवलेला नाही. सांडपाण्याच्या नळाला चेंबरपर्यंत उतार मिळावा म्हणून सारी खोली अर्धा फूट उचलावी लागली, आणि मग त्या अर्ध्या फुटासाठी १:१२ उताराचा सहा फुटांचा रॅम्प आला. खिडकी मी बागेकडे काढणार होते. आईने ती स्वयंपाकघराकडे मागितली. आता पहाटे तिचा दिवा लागला की मी ओट्यापाशी उभी राहून चहाचे आधण ठेवते, आणि दिवा लागला नाही तर जाऊन पाहते. हे अंतर अकरा पावलांचे आहे. पानशेतहून ते दीड तासाचे झाले असते.

टायनी हाऊसला माझा विरोध नाही. धडधाकट माणसाने स्वतःच्या हौसेने ते जरूर घ्यावे.

विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे अंगण नसते, फ्लॅट असतो. त्यांनी आपल्याच इमारतीत भाड्याने वन आरके मिळतो का ते आधी पाहावे, आणि शक्यतो आपल्याच मजल्यावर, म्हणजे लिफ्ट बंद असली तरी जेवणाचे ताट वेळेवर पोहोचते.