ह्यू लिंडसे, 1:96 : सात मिलिमीटरचा घोळ आणि आऊट झालेलं चाक

मंडळी, मागच्या वेळी ह्यू लिंडसेच्या मॉडेलच्या हलचं (बोटीच्या धडाचं) प्लँकिंग, म्हणजे फळ्या बसवणं, संपवून थांबलो होतो. त्यानंतर अडीच महिने गेले आणि फोटोत दाखवण्यासारखं फारसं काही झालेलं नाही. बोटीच्या दोन्ही बाजूंना फिरून फळ्यांनी पाणी मागे ढकलणारी दोन चाकं झाली, त्यातलं एक दोनदा. पाण्याची रेघ कुठे धरायची, म्हणजे बोट पाण्यात कुठपर्यंत बुडालेली दाखवायची, यावर मात्र घरात, चहावर, अंघोळ करतानासुद्धा विचार झाला.

नव्याने येणाऱ्यांसाठी: ह्यू लिंडसे ही मुंबईच्या गोदीत बांधलेली सागवानी आगबोट. 14 ऑक्टोबर 1829 ला पाण्यात उतरली, तेव्हा गोदीचे मास्टर बिल्डर होते नवरोजी जमशेटजी वाडिया. लांबी 140 फूट, रुंदी 25 फूट, 411 टन, आणि विलायतेहून आलेली मॉडस्ले कंपनीची दोन इंजिनं, प्रत्येकी 80 अश्वशक्तीची. 20 मार्च 1830 ला कॅप्टन जॉन विल्सन तिला मुंबईहून सुएझला घेऊन निघाला. 1:96 ला (खऱ्या मापाच्या शहाण्णवाव्या भागाला) हल 444 मि.मी. भरते, म्हणजे शोकेसच्या एका फळीवर आरामात मावते. स्केल निवडताना खरं कारण तेवढंच होतं.

प्लँकिंगबद्दल दोघांनी विचारलं होतं की सागाची बोट आहे तर साग का नाही वापरला. सागाचा रेषा इतका जाड असतो की या स्केलला एकेक शीर सहा-सात इंच रुंद दिसते. मी हेदू वापरला. पूर्वी फुटपट्ट्या, फण्या ज्या लाकडाच्या करत तोच. रेषा बारीक, रंग पिवळट, गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवला की नाळेच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) वळणावर मुकाट बसतो. फळ्यांचे सांधे कसे येतात हे बघायला ट्रिंकोमाली या जहाजाचे फोटो समोर ठेवले होते. तीही मुंबईचीच, 1817 ची, आणि आज इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे.

आता चाकं. 1829 च्या पेटंटात फळी पाण्यात शिरताना-निघताना उभी राहील अशी जोडणी इंग्लंडात आली होती, पण माझ्या बोटीला मी साधंच चाक दिलंय: आरे थेट तुंब्यातून (चाकाच्या मधल्या गोळ्यातून) निघणारे आणि फळ्या आऱ्यांना घट्ट ठोकलेल्या. व्यास 52 मि.मी., सोळा आरे, फळीची रुंदी 6 मि.मी. एमडीएफच्या ठोकळ्यावर साडेबावीस-साडेबावीस अंशांच्या खाचा पाडून जिग (आरे जागेवर धरणारा साचा) केलं, 0.8 ची पितळी तार वाकवून कडी केली आणि डाग द्यायला (सोल्डर करायला) बसलो. पाचव्या आऱ्याला डाग दिला की तिसरा सुटायचा. चौथ्यांदा असं झाल्यावर शेजारच्या प्रत्येक सांध्यावर ओल्या टिश्यूचा बोळा ठेवायला लागलो, मग सुटायचे थांबले. तरी पहिलं चाक जिगमधून काढून दोन मि.मी.च्या सळईवर फिरवलं तर सायकलवाला म्हणतो तसं आऊट. चांगलं दीड मि.मी. आऊट. चिमट्याने सरळ करायला गेलो आणि कडीच तुटली. दुसऱ्या वेळी कडी आधी लालसर होईपर्यंत तापवून थंड केली, मग जिगमध्ये घातली. तारेतला ताण निघून गेला होता, चाक सरळ आलं. हे आधी करायला हवं होतं हे मला माहीत होतं. केलं नाही.

आता पाण्याच्या रेघेकडे येतो. ही बोट साडेपाच दिवसांच्या कोळशाच्या हिशोबाने बांधली होती आणि वाटेतलं एडन त्याच्या दुप्पट लांब. म्हणून अकरा दिवसांचा कोळसा भरला. तळघर भरलं, मग केबिनी, मग सलूनसुद्धा. साडेअकरा फूट पाण्यात बसायची ती पावणेचौदा फूट बसली, मागचा भाग जवळजवळ पाण्याला टेकला. दोहोंतला फरक 27 इंच, आपल्या स्केलला 7 मि.मी. ऐकायला काहीच नाही. पण माझी फळी 6 मि.मी.ची आहे. म्हणजे सगळं चाक एका आख्ख्या फळीहून जास्त खाली गेलं.

याने काय होतं ते नीट कळेना, म्हणून प्लायचं एक कच्चं चाक करून कॉर्डलेस स्क्रूड्रायव्हरला लावलं आणि बादलीत बुडवलं. तळाची फळी जेमतेम बुडेल एवढं ठेवलं तर पाणी सरळ मागे जातं. सात मि.मी. आणखी खाली नेलं तर फळी शिरताना पाण्यावर थप्पड मारते आणि निघताना ओंजळभर पाणी उचलून वर फेकते. बाथरूमची भिंत भिजली, शर्ट भिजला. इंजिनाची ताकद बोट ढकलण्याऐवजी पाणी उपसण्यात जाते ती अशी. आणि कोळसा जळत गेला की बोट वर येते, चाक हलकं होतं, म्हणजे त्या अकरा दिवसांत बरोबर खोलीवर ते किती वेळ असेल कोण जाणे. एडनला पोचली तेव्हा सहा तास पुरेल एवढाच कोळसा उरला होता. तिथे पुन्हा भरण्यात सहा दिवस गेले. 22 एप्रिलला सुएझ: 33 दिवस, त्यातले चालण्याचे फक्त 21 च्या आसपास.

हे वाचल्यावर तिला ऐटीत साडेअकरा फुटांवर बसवणं मला खोटं वाटायला लागलं. तेव्हा ठरलं: 20 मार्चची सकाळ, पावणेचौदा फूट, रेझिनचा समुद्र.

गोची अशी की तोवर तळाला तांबं लावून झालं होतं. लॅमिंग्टन रोडवरून आणलेली कॉपर टेप, 12.7 बाय 3.7 मि.मी.चे तुकडे, प्रत्येकावर बोथट सुईने खिळ्यांच्या खुणा. सोळा संध्याकाळी. हे सगळं आता समुद्राखाली जाणार. बायकोने शांतपणे विचारलं, "मग चिकटवलंस कशाला?" उत्तर नव्हतं. रेझिन पारदर्शक ओतून वरून थोडं दिसेल असं ठेवावं का, असाही विचार आला, पण मुंबई बंदराचं पाणी पारदर्शक दाखवायचं म्हणजे साडेअकरा फुटांपेक्षा मोठी थाप झाली.

डेकवरच्या कोळशासाठी खरा दगडी कोळसा फोडून बघितला. फार चमकतो, कुठल्याही बाजूने बघा, काचेचा चुरा वाटतो. इस्त्रीवाल्याकडचा लाकडी कोळसा चहाच्या गाळणीतून चाळला तर दीड मि.मी.चे मॅट खडे मिळतात, म्हणजे खऱ्या मापात सहा इंचांचे ढेकूळ. पातळ फेविकॉलवर शिंपडले, सुकल्यावर ब्रशने झटकले. गाळणी आता माझीच झाली आहे, स्वयंपाकघरात तिला परत प्रवेश नाही.

पुढच्या वेळी पॅडल बॉक्स, म्हणजे चाकांवरची झाकणं. ते बसले की सोळापैकी पाच-सहाच फळ्या दिसतील. त्यातल्या दोन पाण्यात.