आट्याला आटा: आमच्या गॅरेजची वाटचाल

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी गॅरेज सुरू केले ते बुलेटच्या दुरुस्तीसाठी. इंग्लंडमधील रेडिचची ही गाडी 1955 पासून मद्रासला जुळू लागली आणि जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला असे. त्यामुळे पुढे बीएसए, नॉर्टन आणि मॅचलेस या ब्रिटिश गाड्या आमच्या दारात येऊ लागल्या, तेव्हा त्या आपल्याला जमतील असे मी सहज गृहीत धरले.

पहिली आली ती गडहिंग्लज भागातील एका शेतकरी कुटुंबाची बीएसए एम20. बर्मिंगहॅमच्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी या 496 सीसीच्या साइड व्हॉल्व्ह गाड्या सुमारे 1,26,000 इतक्या बनवल्या, आणि युद्ध संपल्यावर भारतात मागे राहिलेल्यांपैकी अनेक लष्करी डिस्पोजलमध्ये विकल्या गेल्या. आजोबांनी घेतलेली ही गाडी कित्येक वर्षे गोठ्याच्या कडेला उभी होती. मडगार्डच्या पट्टीचे गंजलेले पाव इंची बोल्ट काढून मी तेथे बाजारातील 6 मिलिमीटरचे बोल्ट बसवले. मूळ बोल्टला इंचाला 26 आटे (बोल्टवरच्या फिरत्या खाचा), म्हणजे दोन आट्यांतील अंतर जवळपास एक मिलिमीटरच. त्यामुळे नवे बोल्ट मूळ नटांत सरळ फिरले आणि घट्ट बसल्यासारखे वाटले. प्रत्यक्षात जाडीत 0.35 मिलिमीटरचा फरक होता. उत्तूरच्या रस्त्यावर पट्टी सुटली, मडगार्ड टायरला घासू लागले आणि मालकांना गाडी ढकलत घरी न्यावी लागली. वडील मला रागावले नाहीत. त्यांनी व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश इंची मापाच्या, पान्यांची पेटी माझ्यापुढे ठेवली आणि या पान्यावरचा आकडा त्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो, एवढेच सांगितले.

त्या दिवसापासून, आट्याला आटा जुळल्याशिवाय बोल्ट लावायचा नाही, हा आमचा नियम झाला. शेजारच्या टर्नरकडून आम्ही बोल्ट, बुश आणि स्पिंडल मूळ मापानेच करून घेऊ लागलो, आणि पुढे स्वतःचे लेथ घेतले. पिस्टन आणि रिंगा मात्र अजून इंग्लंडहूनच मागवतो, कारण बीएसएचा मोटारसायकलचा व्यवसाय 1970 च्या दशकात कोलमडला तरी तिकडचे लहान कारखानदार हे भाग आजही बनवतात.

आम्हाला सर्वांत जास्त शिकवले ते मॅग्नेटोने, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाने. गाडी थंड असताना एका किकमध्ये सुरू होते, दहा-पंधरा किलोमीटरवर तापली की बंद पडते आणि तासाभराने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार आली की पूर्वी आम्ही कार्बोरेटर उघडून बसत असू. दोष बहुधा मॅग्नेटोच्या आर्मेचरमधील (आत फिरणाऱ्या गुंडाळीतील) जुन्या कंडेन्सरचा असतो, हे कळेपर्यंत ग्राहकांचा बराच वेळ आणि पैसा वाया गेला, याची मला आजही खंत आहे.

तयार झालेली गाडी आम्ही मालकाच्या हाती लगेच देत नाही. पेट्रोल सुरू करून कार्बोरेटरवरची पिन पेट्रोल पाझरेपर्यंत दाबायची, हँडलवरच्या लिव्हरने ठिणगी थोडी उशिरा करायची, व्हॉल्व्ह उचलणारा लिव्हर दाबून पिस्टन वरच्या टोकाच्या किंचित पुढे आणायचा आणि मगच पूर्ण पाय टाकून किक मारायची, हे त्यांच्याकडून अनेकदा करून घेतो, कारण ठिणगी आधी पडली तर उलटी किक पायाला जबर बसते. त्यानंतर पन्हाळ्याच्या घाटात एक फेरी होते. चढावर इंजिन ठोके देऊ लागले की तोच लिव्हर हळूच मागे घ्यायचा असतो. मागच्या चाकाला सस्पेन्शन नसलेल्या या गाडीवर, स्प्रिंगच्या सीटवर बसून तो आवाज ओळखता येऊ लागला, म्हणजे गाडी योग्य हातात गेली असे मी समजतो.

गडहिंग्लजची एम20 मागच्या महिन्यात तेल बदलायला आली होती. सर्वांत आधी मी मडगार्डच्या पट्टीला पाना लावून पाहिला. आमच्या लेथवर झालेले 26 आट्यांचे चारही बोल्ट जागचे हलले नव्हते.